उजनीकाठी पाना-पक्कड: गाडी आणि होडी घरच्या घरी दुरुस्त करताना

मोबाईलवर होडी दुरुस्तीचा कुठलाही व्हिडिओ उघडा, माणूस समुद्रकाठीच उभा असतो. मागं लाटा, आणि पहिलंच वाक्य खाऱ्या पाण्याचं. मीठ धुऊन काढा, मिठानं गंज चढतो, मिठापासून इंजिन जपा. ते त्याच्या जागी खरंच आहे. पण मी सोलापूरचा. माझी होडी उजनीच्या पाण्यावर, गाडी जुळे सोलापूर ते करमाळा तालुका अशी दर शनिवार-रविवारी पळणारी. इथं मीठ नाही, खारा वारा नाही. इथं मे महिन्यातलं ४२-४४ अंशांचं ऊन आहे, बोअरचं जड पाणी आहे, सगळीकडं घुसणारी धूळ आहे आणि कधी वर तर कधी खाली जाणारं धरण आहे. समुद्राकाठची पद्धत जशीच्या तशी इथं वापरली की काय होतं, ते मी पदरचे पैसे घालून शिकलोय.

टेंभुर्णीच्या पुढं, बॅकवॉटरच्या काठाला आमचं दोन खोल्यांचं शेतघर आहे. एक जुनी पेट्रोल हॅचबॅक, आणि एक चौदा फुटी फायबरची होडी, मागं छोटं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. माझ्यासारखे आता बरेच जण काठाला जागा घेऊन राहायलेत. कुणी केळी लावतो, कुणी होडी घेतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळतं की काहीही बिघडलं तर मेकॅनिक बोलवायचा म्हणजे अर्धा दिवस आणि त्याच्या येण्याजाण्याचं पेट्रोल. हे त्यांच्यासाठी.

आधी काय करायचं नाही

पहिल्या वर्षी या गोष्टींना हात लावू नका: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग (त्याच्या वायरींचं कनेक्टर बहुधा पिवळं असतं, दिसलं की मागं फिरा), एसीचा गॅस, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबल. होडीत पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग अजिबात नाही, टाकी रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भडका वाफेचाच उडतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या गॅरेजलाच न्या.

बाकी बरंच उरतं. बॅटरी, फिल्टर, पंक्चर, कूलंट, ऑइल, होडीची चीर, इंजिनचा इम्पेलर (इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारं रबरी चक्र), होडीच्या पंख्यात गुंतलेला तंगूस (जाळ्याचा नायलॉन दोरा). एवढं घरी जमलं तरी वर्षाचं निम्मं काम झालं.

हत्यारं

आमचे अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते. त्यांच्या पिशवीत जेमतेम सात-आठ हत्यारं असायची आणि त्यावर वीस माग चालायचे. म्हणून सुरुवातीलाच मोठा चकचकीत सेट घेऊ नका. ८ ते १९ नंबरपर्यंतचे रिंग पाने, एक गोटी पाना सेट, पक्कड, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एलन की, लोखंडी ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, साधा डिजिटल मल्टिमीटर. त्याशिवाय उचललेली गाडी पेलायला दोन जॅक स्टँड. यात काटकसर करू नका. गाडीसोबत आलेला जॅक हा चाक बदलायला असतो, खाली झोपायला नाही.

जाम झालेल्या नटाशी कुस्ती खेळू नका. स्प्रे मारा, चहा घ्या, पुन्हा मारा, हातोडीनं हलके ठोके द्या, आधी थोडा आवळायच्या दिशेनं हलवा आणि मग सोडवा. घाई केली की नटाचे कोपरे गोल होतात नाहीतर आटे जातात, आणि वीस रुपयांच्या कामाला लेथवाला गाठावा लागतो. सोडवलेले नट-वायसर ताटलीत, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ठेवा. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. हे दोन नियम मी मोडले तेव्हा तेव्हा रात्री बॅटरी लावून मातीत वायसर शोधत बसलो आहे.

जागा आणि वेळ

काठाची काळी माती दोन्ही ऋतूंत फसवते. पावसाळ्यात जॅक लोण्यात रुतावा तसा रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरून घट्ट वाटणारं ढेकूळ ऐन वेळी फुटतं. आम्ही घरामागं दहा बाय पंधरा फुटांचा कोबा करून घेतला, वर पत्रा. ते जमेपर्यंत जॅकच्या आणि स्टँडच्या खाली किमान दीड इंच जाडीची, फूटभर रुंद लाकडी फळी हवीच. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला खांद्यानं धक्का द्या. हलली, तर परत खाली घ्या.

वेळ सकाळी सहा ते दहा. मार्च ते जूनमध्ये याला पर्याय नाही. साडेदहाला बोनटचा पत्रा हात ठेवू देत नाही. मोजायची, कालवायची, जोडायची कामं सकाळी. वाळवायचं काम दुपारी उन्हाला सोपवायचं आणि आपण आत झोपायचं.

गाडी: बॅटरीपासून सुरू करा

थंडीत बॅटरी बंद पडते असं ऐकून आपण हिवाळ्याला भितो. खरं तर बॅटरीचं आयुष्य खातो तो उन्हाळा. थंडीत फक्त ते उघडकीला येतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चालू न करता, मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर चार्ज करा, आणि चार्ज करूनही दोन दिवसांत तिथंच येत असेल तर बॅटरीचा निरोप घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाच्या) बाजूला असू शकतो, बॅटरी उगाच बदलू नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर निगेटिव्ह आधी सोडवा, मग पॉझिटिव्ह. पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा, फेस येईल, येऊ द्या. ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. कोरडं पुसून पॉझिटिव्ह आधी जोडा, निगेटिव्ह शेवटी, वर पेट्रोलियम जेली. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर आत डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि जवळ कुणी बिडी ओढत बघायला उभं असेल तर त्याला लांब पाठवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

जंप स्टार्टचा, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी चालू करायचा क्रमही सांगून ठेवतो, कारण काठावर हे हमखास लागतं. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्याच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्याच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट.

आता कूलंट. सोलापूरकर पाण्याला जपतो, चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या शहरात जपावंच लागतं. पण रेडिएटरच्या बाबतीत ही काटकसर नडते. पातळी कमी दिसली की आपण हंड्यातलं नाहीतर बोअरचं पाणी ओततो. त्याच बोअरच्या पाण्यानं घरातल्या हीटरच्या कॉइलवर कसा पांढरा थर बसतो ते आठवा. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि मग मे महिन्यात पुणे रोडवर काटा वर चढतो. कूलंट आयता मिसळलेला मिळतो तो तसाच घाला, घट्ट मिळाला तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर, बहुधा निम्मं-निम्मं. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. आत दाबाखालचं पाणी असतं, तोंडावर येतं.

एअर फिल्टर आमच्याकडं पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यातच बघावा लागतो. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं चार महिने गाडी चालवा आणि मग डबा उघडा. फिल्टरच्या घड्यांत अख्खी वाट सापडते. कागदी फिल्टर झटकता येतो, पण पाण्यानं धुवायचा नाही, आणि कॉम्प्रेसरची हवा मारलीच तर आतून बाहेर, लांबून, हलकी. डबा उघडलाच आहे तर वायरीही बघा. शेतावर उभ्या गाडीत उंदीर शिरतात. कुणी तंबाखूची पानं ठेवा म्हणतं, कुणी डांबरगोळ्या. मी तंबाखू ठेवली होती. उंदरांनी वायर खाल्ली आणि तंबाखूत घर केलं. रात्री बोनट उघडं ठेवून उजेड लावला की येत नाहीत, एवढंच मला लागू पडलेलं औषध.

पंक्चरचं लवकर सांगतो. ट्यूबलेस टायरला खिळा तळव्यात असेल तरच घरी काढा. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर टायर बाद. खिळा कुठल्या कोनात घुसला ते बघून काढा, कानशीसारखा सुंभा त्याच कोनात तीन-चार वेळा फिरवा, सोल्यूशन लावलेली वादी सुईत ओवून दाबा, सुई झटक्यात मागं ओढा, बाहेर उरलेली वादी थोडी ठेवून कापा, साबणाचं पाणी लावा. बुडबुडा नाही म्हणजे झालं. हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जा, ओळीनं नाही, आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा.

इंजिन ऑइल बदलणं अवघड नाही, पण गाडीखाली जावं लागतं म्हणून दोनदा स्टँड तपासल्यावरच. इंजिन कोमट हवं, तापलेलं नको. खालचा बूच काढा, परातीत ऑइल गळू द्या, बुचाला नवीन वायसर. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटानं ऑइल फिरवा, हातानं टेकेपर्यंत बसवा आणि मग साधारण पाऊण वेढा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का बघा. त्यावर नवीन बसवला तर सगळं ऑइल बाहेर येतं. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल थोडं कमीच भरा, मिनिटभर इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबा, काडी बघा, मग उरलेलं भरा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं द्या. काठाच्या मातीत ओतलं तर ते उजनीत जाणार, आणि उजनीचं पाणी पाइपलाइननं सोलापूरला आपल्याच माठात येणार.

होडी: फायबरची चीर

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसीचा (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी. पाणी त्याच्याही खाली उतरलं की उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, उजनी मायनसमध्ये गेली. तेव्हा आमच्या बांधापासचं पाणी पार लांब सरकतं आणि पाण्याखाली गेलेल्या गावांचे दगड वर येतात. जुने जोते, विहिरींचे काठ, बाभळीचे बुडखे. होडीला चीर पडते ती याच्यावर आपटून. खडक समुद्रातही असतात, पण तिथला खडक वर्षानुवर्षं त्याच जागी असतो. इथं दर आठवड्याला नवीन वर येतो.

चीर दिसली की लगेच काही फासू नका. होडी वर ओढा, पालथी घाला, सावलीखालच्या टेकूवर ठेवा. रुपयाचं नाणं घेऊन चिरेच्या आजूबाजूला टकटक करत जा. टणक आवाज येतो तिथं फायबर शाबूत, भद्द आवाज येतो तिथं आतले थर सुटलेत. तो सगळा भाग खडूनं आखा. चीर चार इंचांची दिसत असेल तर आखलेला भाग दहा इंचांचा निघतो, घाबरू नका.

मग वाळवा. आठ-दहा दिवस. इथं सोलापूरचं ऊन आपल्या बाजूनं आहे. वाळलं का ते बघायला संध्याकाळी त्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे.

घासायचं काम सगळ्यात घाणेरडं. ग्राइंडरला ३६ किंवा ४० नंबरचा पेपर लावून चिरेपासून बाहेरच्या बाजूला उतार काढायचा. जाडीच्या साधारण बारा पट रुंद. म्हणजे पाच मिलिमीटर जाडीच्या तळाला चिरेच्या प्रत्येक बाजूला सहा सेंटिमीटर. नवशिका इथं कंजूषपणा करतो, कारण चांगला फायबर घासून टाकायला जीव होत नाही. पण नवीन थर धरतो तो या उतारावरच. पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क. काम झाल्यावर आंघोळ थंड पाण्यानं, गरम पाण्यानं खाज वाढते.

जुन्या मालकानं चिरेवर दोन कांड्यांची, हातानं मळायची पुटीन थापली असेल तर ती पूर्ण खरवडून काढा. ती इपॉक्सी असते. इपॉक्सी पॉलिस्टरवर बसतं, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. माझा पहिला ठिगळ असाच निघाला, तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, अख्खाच्या अख्खा.

साहित्य सोलापुरातच मिळतं. एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, पत्रे करणारे आहेत, त्यांना विचारा रेझिन कुठून घेता. पॉलिस्टर रेझिन, फायबर मॅट, हार्डनर, ॲसिटोन, आणि विचारून घ्या: रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं द्रव) आधीच मिसळलंय का वेगळी बाटली आहे. वेगळी असेल तर हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट टाकून पूर्ण ढवळायचं, आणि मग हार्डनर. दोन्हींना वेगळा चमचा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही, आणि बादलीभर स्वच्छ पाणी हाताशी हवं.

आता माझी फजिती. एप्रिल, दुपारचा दीड. व्हिडिओतल्या माणसानं दोन टक्के हार्डनर सांगितलेलं आणि वीस मिनिटं मिळतात म्हणालेला. तो बिचारा थंड हवेच्या किनाऱ्यावर उभा होता हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी प्लास्टिकच्या मगात अर्धा किलो रेझिन घेतलं, हार्डनर बुचानं अंदाजे ओतलं आणि ढवळलं. पहिला मॅट ठेवेपर्यंत रेझिनची मधासारखी तार झाली, दुसऱ्या हाताला जेली. ब्रश बाहेर येईना, कुल्फीतल्या कांडीसारखा मधोमध उभा. मग हाताला चटका बसला. मगाचं बूड लोंबायला लागलं आणि वरून पांढरा धूर. बायको ओट्यावरून ओरडली, "अहो, टाका की ते खाली, काय धरून बसलाव!" शेजारी वाळकं गवत होतं. नशीब, मी वाळूच्या ढिगात टाकला.

म्हणून इथली रीत अशी: सकाळी सातच्या आत, सावलीत. एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त नाही. हार्डनर सिरिंजनं मोजून, उन्हाळ्यात एक टक्का, म्हणजे दोनशे ग्रॅमला दोन मिली. ऊन आहे म्हणून अजून कमी करू का, असं वाटेल. करू नका, एक टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन नीट पिकतच नाही, महिनाभर चिकट राहतं. गरमी टाळायची ती वेळ बदलून, प्रमाण बदलून नाही. आणि मगाऐवजी पसरट ताटलीत कालवा, मगात उष्णता कोंडते.

कालवण्याआधीच मॅटचे तुकडे तयार हवेत, प्रत्येक थर आधीपेक्षा थोडा मोठा. कात्रीनं कापण्यापेक्षा कडा हातानं फाडा, विसकटलेली कड जुन्या फायबरमध्ये चांगली मिसळते. जागा ॲसिटोननं पुसा, वाळू द्या. आधी रेझिनचा हात, मग मॅट, मग पुन्हा रेझिन. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं. पांढरा मॅट हळूहळू पारदर्शक होतो. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथं हवा अडकली, टोचून किंवा रोलरनं काढा. एका दमात तीनच थर. गार झाल्यावर पुढचे. शेवटच्या थरावर गुळगुळीत प्लास्टिक कागद चिकटवून ठेवा, साधं रेझिन हवा लागली की वरून चिकट राहतं. दुसऱ्या दिवशी घासा, वर जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर), मग पाण्यासोबत २२० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर. रेझिनच्या वासाला रुमाल उपयोगाचा नाही, वाफ गाळणारी डबी (कार्ट्रिज) लावलेला मास्क लागतो. उरलेलं रेझिन वाळूत ठेवून गार होऊ द्या आणि मगच कचऱ्यात टाका.

पत्र्याची होडी असेल तर घरी एवढंच करा: गंज खरवडा, रेड ऑक्साइड, वर रंग. भोक असेल तर वेल्डर. पातळ पत्र्यावर शिकाऊ हातानं वेल्डिंग केलं तर एका भोकाची तीन होतात.

इंजिन

कशालाही हात लावण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला. पंखा हातानं फिरवला तरी इंजिन उचल खाऊ शकतं.

इंजिन कोरडं चालवू नका, दहा सेकंदही. पाण्याचा पंप रबरी इम्पेलरवर चालतो आणि तो पाण्यानंच गार-ओला राहतो. काठावर तपासायचं तर पिंपात पाणी भरा, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं, आणि न्यूट्रलमध्ये चालू करा. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार यायला हवी. धार बारीक असेल तर आधी छिद्रात तार घाला. आमच्याकडं गाळ आणि शेवाळ बसतं. तरीही नाही तर इम्पेलर. समुद्रात तो वर्षाला बदलतात. गोड्या पाण्यात दोन वर्षं चालेल म्हणतात, पण उजनी मायनसमध्ये असताना आपण अर्धा गाळच ओढत असतो, मी दर वर्षी बदलतो. बसवताना दांडा ज्या दिशेला फिरतो त्या दिशेनं वळवत पाती आत घ्या, आणि इम्पेलर दांड्याला अडकवणारी छोटी चावी (की) खाली पडू देऊ नका.

उजनीतला सगळ्यात मोठा चोर म्हणजे तंगूस. मासेमारीची तुटकी जाळी पाण्यात तरंगत असतात. तंगूस पंख्यामागं दांड्याला गुंडाळतो, घट्ट होत होत सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. महिन्यातून एकदा स्प्लिट पिन काढा, नट सोडवा, पंखा ओढा, मागं बघा. काठावरचे एक मामा, ज्यांचं आयुष्य या पाण्यावर गेलंय, मला पहिल्या भेटीत म्हणाले, "मालक, इंजिनाचं आवाज ऐकू नका, मागचं तेल बघा." गिअर ऑइल बघायचं असं: खालचा स्क्रू काढा, मग वरचा, तेल गळू द्या. दुधी रंग म्हणजे पाणी शिरलं, सील बदलायला न्या. स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट चालते, तुकडे चालत नाहीत. भरताना खालून वर भरायचं. वरच्या भोकातून तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून चटकन खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि निम्मंच भरतं.

पेट्रोल साठवून ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि चार महिने टाकीत राहिलं तर पाणी तळाला बसतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, पाइप काढून इंजिन पिंपात आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. टू-स्ट्रोकचं मिश्रण पुस्तिकेप्रमाणे. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, आउटबोर्डचंच ऑइल. सुटी टाकी भरायची ती काठावर उतरवून. होडीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी बसून राहते.

इंजिनला लावलेला धातूचा ठोकळा, ॲनोड, गंज स्वतःवर घेतो. समुद्रासाठी जस्ताचा मिळतो. गोड्या पाण्यात तो नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचा मागा. गणपतीपुळे-मालवणला गाडी घेऊन गेलात आणि वाळूत घातलीत तर मात्र तो व्हिडिओवाला बरोबर असतो: त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं गाडीचा तळ धुवा, सोलापूरला येईपर्यंत थांबू नका.

पाण्यात उतरवताना

आधी जमिनीवरच होडीत तीन-चार बादल्या पाणी टाका आणि खालून बघा. पाझरलं तर तिथंच खूण करा. तळाचा बूच लावला का ते उतरवायच्या आधी हात लावून बघा.

पहिली चाचणी सकाळी. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं आणि या पाण्यावर लाटा किनाऱ्यासारख्या उठतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट घरच्या प्रत्येकाच्या मापाचं, आणि बसताना अंगात, सीटखाली नाही. इंजिनची बंद करायची दोरी मनगटाला. दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, चार्ज केलेला मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. इंजिनाच्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि जलाशयासाठी परवानगी वेगळी. दोन्हींची चौकशी होडी घेण्याआधीच करा. काठाकाठानं अर्धा तास फिरा, परत या, ठिगळाची जागा हातानं चाचपा.

बांधण्याचं शेवटी सांगतो, कारण तिथंच नवे लोक चुकतात. सोलापुरात पाऊस नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये उजनी चढते, ती पुण्याकडच्या पावसावर. पेपरात वरच्या अंगाच्या दौंडहून उजनीत येणारा विसर्ग किती क्युसेक आहे ते रोज येतं, ते बघत जा. विसर्ग वाढला की त्याच दिवशी काठावर जा. आखूड दोरीनं खाली खुंट्याला बांधलेली होडी पाणी चढलं की नाकावर ओढली जाते आणि भरते. दोरी पंचवीस-तीस फूट ठेवा, आणि खुंटा मागच्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या वर ठोका.